गिरिजेचं सुतक

प्रिय अत्तम्मा,

आज शनिवारच्या सुट्टीमुळे आपला टॉवेलचा कारखाना बंद आहे. शेजारच्या गल्लीतले मागही थांबलेत. एवढी शांतता झालीय की मोरीतला नळ टपकतोय तो पुढच्या खोलीत ऐकू येतो. तुम्हाला अशा शांततेत कधी झोप लागायची नाही, आता मलाही लागत नाही. म्हणून भर दुपारी कागद घेऊन बसलेय.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. आजवर पत्र लिहावं असं मनात आलं नाही आणि आजच लिहितेय, त्याला कारण आहे. उद्या सकाळी थोरले भावजी येणार आहेत. कारखान्याचं काय करायचं ते उद्या ठरणार, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसलेत. माझ्या! मीठ-मिरचीच्या पलीकडे ज्या बाईचं मत ह्या घरात कुणी विचारलं नाही, तिच्या!

तुम्हाला मराठी बोलता यायचं फर्डं, वाचता यायचं नाही. तरी काय झालं? लिहून झालं की तुमच्या फोटोसमोर उभी राहून मोठ्यानं वाचून दाखवीन. ती सवय आपल्याला आहेच की!

आठवतं का, मी तुमची सून म्हणून ह्या घरात आले तेव्हा माझ्या पेटीत दोन साड्या, एक कुंकवाचा करंडा आणि एक जाडजूड पुस्तक होतं? माझे बाबा वाचनालयाची पुस्तकं शिवून द्यायचे. बाद झालेलं एक पुस्तक त्यांनी टॉवेलच्या कापडाची पाठ लावून मला दिलं. पुढची पानं गेलेली. नाव नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही. तुम्ही ते हातात घेऊन उलटंसुलटं बघितलंत आणि म्हणालात, “अय्यो! हुंड्यात पुस्तक देतात व्हय?”

मला तेव्हा रडू आलं होतं. नवी नवरी, तेलुगू माहेरचीच, पण शाळा मराठीत झालेली. तुमच्या अंगणात पाचसहा बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसलेल्या. त्यात शेजारची रजियाबी. तिनंच विचारलं, “पढके सुना ना गे दुल्हन, क्या है उसमें?” मी म्हटलं, वाचू कशी, माझ्या बिड्या कोण वळणार? संध्याकाळी बिड्यांची बुट्टी कमी भरली तर अत्तम्मा मला फाडून खातील.

 तुम्ही वळून झालेल्या चार बिड्या उचलल्यात आणि माझ्या सुपात टाकल्यात. मग रजियाबीनं टाकल्या. मग सगळ्यांनी. तो आपला रिवाज झाला. मी वाचायचं, बाकीच्यांनी मला बिड्या घालायच्या. बिडी कारखान्यातला बिड्या तपासणारा चेकर मोठा पक्का माणूस होता. माझी बुट्टी चिवडून म्हणाला, “एका बाईच्या बुट्टीत पाच हातांच्या बिड्या कशा ओ?” रजियाबीची बिडी घट्ट, तुमची जरा निमुळती, कुणाची पोटाशी फुगलेली. तुम्ही त्याला तोंड वर करून म्हणालात, “सून नवी हाय. हात बसंना अजून.” केवढं खोटं, आणि किती सहज!

काय ओढ लागली होती त्या गोष्टीची! गरीब पंतोजीची मुलगी गिरिजा. हिशोबात बापापेक्षा हुशार. शेजारचा शिकणारा मुलगा तिच्यावर जीव टाकतो, पण ती त्याला नाही म्हणते आणि धान्याच्या पेढीवाल्याच्या मठ्ठ मुलाला होकार देते. का, तर तिला घर चालवायचं नसतं, पेढी चालवायची असते. पहिल्या दिवशी तुम्ही सगळ्या तिच्यावर तुटून पडलात. पैशाला भुलली, हावरट, म्हणालात. मग ती पडद्याआड बसून व्यवहार करायला लागली. बाईचा आवाज बाहेर ऐकू जाता कामा नये, म्हणून ती बांगड्या वाजवायची. एकदा किणकिण झाली की नवऱ्यानं सौदा करायचा, दोनदा झाली की थांबायचं. पेढी वाढली. गावात नवऱ्याचं नाव झालं.

ते ऐकलंत आणि तुमचा पक्षच बदलला! त्या दिवसापासून ती ‘आपली गिरजा’ झाली. जेवताना सुद्धा तुम्ही मला विचारायच्यात, “गिरजाचं पुढं काय झालं असंल ग?”

आणि तळ्यावरून झालेलं भांडण? पुस्तकात लिहिलं होतं की त्या गावात तळं आहे, तळ्यात देऊळ आहे आणि शेजारी किल्ला आहे. झालं! तुम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं की हे आपलं सोलापूरच. मी सांगून दमले, “अत्तम्मा, ही रचलेली गोष्ट आहे. असं कुठं घडलेलं नाही.” तुम्ही बिडीला दोरा गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे बघितलंत. “तळं हाय का न्हाय? किल्ला हाय का न्हाय? मग बाई तेवढी खोटी व्हय?”

 जुन्या व्यापाऱ्यांच्या गल्लीत जाऊन तुम्ही आणि रजियाबी तिचं घर सुद्धा शोधून आलात. एक निळ्या दाराचं घर पसंत करून आलात! तिथल्या बाईनं तुम्हाला पाणी दिलं, आणि तुम्ही तिला गिरिजेच्या घरातली समजून पाया पडून आलात. ती बिचारी अजून विचार करत असेल.

मग तो शेवट आला. गिरिजेचा नवरा वारला. बांगड्या फोडल्या. आता पडद्याआडून ती सांगणार कशी? दिरानं पेढी हातात घेतली, बुडवली आणि खापर हिच्यावर फोडलं, हिच्या हावेनं घर बसलं म्हणून. आणि लिहिणाऱ्यानं शेवटी तिला पश्चात्ताप करायला लावला. बाईच्या जातीनं एवढं मोठं स्वप्न बघायला नको होतं असं तिच्याच तोंडून वदवून घेतलं आणि तिला तळ्यात ढकलून दिलं. तेवढ्यावर पुस्तक संपलं.

मी पुस्तक मिटलं. रजियाबीच पहिली बोलली, “मरी? ऐसी कैसी मरी गे? क्या करी थी वो?” आणि तुम्ही मला म्हणालात, “दुसरं वाच.”

“दुसरं काय वाचू?”

“दुसरा शेवट वाच.”

“पुस्तकात नाही ते कसं वाचू, अत्तम्मा?”

तुम्ही सूप पालथं घातलंत आणि उठून आत गेलात.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते मी माझ्या मुलीला हजारदा सांगितलंय. सकाळी तुम्ही डोक्यावरून पाणी घेतलंत. मला म्हणालात, “आज आमटीला फोडणी घालू नको.” घरात मयत झाल्यावर फोडणी घालत नाहीत, हे कुणाला सांगायला नको.  तुमचे यजमान, मामय्या, जेवायला बसले, त्यांनी पहिला घास घेतला आणि घाबरून विचारलं, “कोण गेलं?” दुसऱ्यांच्या मागांवर राबून, त्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते, त्यामुळे घरात कुणी गेलं तरी आपल्याला शेवटी कळतं अशी त्यांची समजूतच झालेली. तुम्ही त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलात, “गिरजा!” ते बिचारे ‘अरेरे’ म्हणाले आणि मुकाट्यानं जेवले.

त्या दिवशी गल्लीत एकही बिडी वळली गेली नाही. दुपारी आपण सगळ्या तळ्यावर गेलो. तुम्ही बाजारातून हिरव्या बांगड्यांचा जोड घेतलात. मी म्हटलं, अहो ती विधवा होती. तर म्हणालात, “हितं कोण बघायलंय तिला?” आणि पायरीवर वाकून बांगड्या पाण्यात सोडल्यात. रजियाबीनं हात पसरून काहीतरी पुटपुटलं. मी शिकलेली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि तरीही मी रडत होते!

दुसऱ्या दिवशी चेकरनं विचारलं, “काल सगळ्याजणी कुठं होता?”

“मयत होती.”

“कुणाची?”

“आमच्यातलीच एक बाई. तळ्यात गेली.”

त्यानं टोपी काढली. “घरात काय कटकट होती काय?”

“न्हाय ओ,” तुम्ही म्हणालात. “एका बाप्यानं ढकलली.”

अत्तम्मा, मी तुमच्यावर जीव टाकायला लागले ती त्या दिवसापासून. तोवर सासू म्हणजे सासू होतात. एका कागदावरच्या बाईसाठी जी बाई फोडणी टाळते, ती मला काही कमी पडू देणार नाही असं वाटलं होतं मला. वेडी होते मी.

कारण पुढच्याच महिन्यात माझ्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायचा होता. पहिलं वर्ष मी घरी अभ्यास करून, बाहेरून परीक्षा देऊन पास झाले होते, तेही चांगल्या मार्कांनी. तुम्हीच पेढे वाटले होतेत. तेव्हाच घरात पहिले दोन माग आले. तुमचा बिडीचा सगळा फंड त्यात गेला. दुसऱ्याचं सूत विणून मजुरी घ्यायची नाही, आपल्या छपराखाली आपला माग पाहिजे, हे तुमचं स्वप्न होतं, मामय्यांचं नाही, मुलांचं तर मुळीच नाही. थोरले भावजी तेव्हा मिलिटरीत भरती व्हायला निघाले होते आणि ह्यांना क्रिकेट सोडून काही सुचत नव्हतं. तुम्हीच त्या दोघांना कान धरून मागाशी उभं केलंत. आणि दारावर पाटी लावलीत ती मामय्यांच्या नावाची.

मागावर लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला माणूस हवं होतं. मी फॉर्मचं विचारलं तर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, “मामय्यांना पटत न्हाय.”

मामय्यांना! मी त्याच दुपारी त्यांना चहा दिला आणि कानाशी ओरडून विचारलं, “मामय्या, मी परीक्षा देऊ का?” ते खुशीत म्हणाले, “दे की पोरी, दे बिड्डा!” मग जरा वेळानं म्हणाले, “कसली?”

तुम्ही स्वयंपाकघरात होतात. तुम्हाला ऐकू गेलं. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही कढईकडे बघितलंत. फॉर्मची तारीख निघून गेली.

हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. बोलायचं ठरवून कितीदा तुमच्या शेजारी येऊन बसले. पण तुमच्या हातांकडे बघितलं की बोलवत नसे. तंबाखूनं पिवळे झालेले ते हात, रात्रंदिवस कामात. त्या हातांशी काय भांडणार? तरी आज विचारतेच. गिरिजेसाठी तुम्ही सुतक पाळलंत, अत्तम्मा. माझ्यासाठी एक फॉर्म भरू दिला असतात तर काय झालं असतं? तिला तळ्यात ढकलणाऱ्या माणसाचा तुम्हाला एवढा राग आला, आणि घरात मात्र तुम्ही त्याच्याच बाजूला जाऊन कशा उभ्या राहिलात?

राग येऊ देऊ नका. मला थोडंथोडं कळतं हल्ली. घरात एकाच बाईचं स्वप्न मावेल एवढीच तेव्हा जागा होती, आणि ते स्वप्न तुमचं होतं. माझ्या कांड्यांवरच ते उभं राहिलं. दोनाचे आठ माग झाले. मला त्याचा अभिमान वाटत नाही असं नाही. खूप वाटतो. पण दुखायचं ते दुखतंच.

आणि तुम्ही तरी कुठे उघडपणे मालकीण झालात? सूतवाला आला की तुम्ही आतल्या दाराशी उभ्या राहायच्यात. भावजी किंवा हे भाव ठरवायचे, आणि भाव पटला नाही की तुम्ही खाकरायच्यात. एकदा खाकरलं की ‘थांब’. व्यापाऱ्यांना सुद्धा ठाऊक झालं होतं, ते तुमचा खोकला ऐकूनच भाव उतरवायचे. रजियाबी काय चिडवायची तुम्हाला! “गिरिजा की बंगड्यां, तुम्हारी खांसी!” तुम्ही तिला बिडीचं पान फेकून मारायच्यात. मामय्या गेल्यावर तर तुम्ही त्यांच्या फोटोकडून बोलायला लागलात. सुट्टी द्यायची नाही? त्यांना आवडलं नसतं. नवा माग घ्यायचा? त्यांची इच्छा होती. जिवंतपणी ज्या माणसानं कधी ‘हे कर’ म्हटलं नाही, त्यानं मेल्यावर आठ माग चालवले!

हे सगळं आज का उगाळतेय ते सांगते.

तुमची नात श्रावणी. टेक्स्टाइलचा डिप्लोमा झाला, पुण्यात नोकरी मिळत होती, ती सोडून आली. दोन वर्षं ती कारखान्यात आहे, त्यातलं पहिलं तुम्ही बघितलंत. लहान बाळांचे टॉवेल काढायची कल्पना तिची. भावजी म्हणाले होते, कोण घेतंय? आता सांगलीपासून हैदराबादपर्यंत जातात. कामगार आधी तिला हसायचे, हल्ली मागाचा धोटा अडकला तरी ‘श्रावणीताई कुठंय’ म्हणतात. तुम्हाला शेवटच्या वर्षात चालवत नव्हतं, तर ती तुम्हाला रोज संध्याकाळी खुर्चीत बसवून कारखान्यात न्यायची. तुम्ही टॉवेलचा काठ बोटांत धरून बघायच्यात. एकदा बराच वेळ बघून म्हणालात, “तू पोरगा पाहिजे होतीस की गं.” ती हसली. मला नाही हसू आलं.

भावजींना माग भंगारात घालून शेड गोदामाला भाड्यानं द्यायचीय. त्यांची मुलं बंगळुरात, त्यांना ह्यात रस नाही. भावजी वाईट नाहीत हो. दमलेत. आयुष्यभर तुमच्या स्वप्नाशी उभे राहून दमलेत. परवा चहा पिता पिता ते म्हणाले, “पोरीच्या हातात कारखाना देतंय व्हय कुणी? उद्या लगीन होऊन जाईल, मग काय माग पाठवणीत देणार काय? आई असती तर हेच म्हणाली असती.”

श्रावणीचा चेहरा उतरला. ती माझ्याकडे वळली. “मम्मी, शेवटपर्यंत तू होतीस आजीजवळ. आजी काय म्हणाली? सांग ना.”

मग हे म्हणाले, “व्हय, तूच सांग. आईच्या मनात श्रावणीला द्यायचं होतं असं असंल, तर मी दादासमोर उभा राहतो. माझ्या वाट्याचे माग मी हलू देत न्हाय. पण आईची इच्छा पाहिजे.”

तुमच्या मुलाला मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा एवढं ठाम बोलताना ऐकलं. आणि भावजी सुद्धा म्हणाले, “आई बोलली असंल तर माझं काय म्हणणं न्हाय.”

सगळं घर माझ्याकडे बघत होतं, अत्तम्मा. एक वाक्य बोलायचं होतं. ‘त्या म्हणाल्या, श्रावणीला द्या.’ झालं असतं! कुणी खरंखोटं करायला जाणार नव्हतं.

पण तुम्ही काय म्हणाला होतात? दवाखान्यात शेवटचे दोन दिवस तुम्ही मराठी विसरलात. नुसतं तेलुगूत बोलायच्यात, तेही तुमच्या आईशी. मध्येच डोळे उघडून तुम्ही मला विचारलंत, पानं भिजवली का? बिडीचं काम सुटून किती वर्षं झालेली! मी म्हटलं, भिजवली. तुम्हाला बरं वाटलं. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. ना कारखाना, ना श्रावणी, ना मी.

मी परवा एवढंच म्हटलं, “रविवारी सांगते.” तो रविवार उद्या आहे.

काल रजियाबी येऊन गेली. आता कंबरेतून वाकलीय, पण जीभ तशीच. तिला सगळं सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. “बोल दे ना गे! अम्मा क्या आके ना बोलतीं क्या? उनो जिंदगीभर येईच तो करे. मामय्या के नाम पे आठ माग चलाए. तू एक बार उनके नाम पे बोल, क्या बिगड़ता?”

तिचं खरं आहे. काय बिघडतं? काल रात्रभर हेच घोकत होते. पोरीचं भलं होणार असेल तर एक खोटं काय जड आहे? तुम्ही चेकरला किती सहज थापा मारायच्यात! आणि कुणास ठाऊक, कदाचित ते खोटं नसेलही. गिरिजेला बांगड्या वाहणारी बाई श्रावणीला नाही कशी म्हणेल? पण मग मला ‘मामय्यांना पटत न्हाय’ म्हणणारी बाईही तुम्हीच होतात. त्या दोघींतली कुठली उद्या बोलली असती? मी तुमच्याजवळ एवढी वर्षं काढली, तुम्हाला जेवू घातलं, शेवटी न्हाऊ घातलं, तरी मला सांगता येत नाही. ह्याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

आज सकाळी श्रावणी कारखान्यात एकटीच होती. माग बंद, आणि ती प्रत्येक मागाला तेल देत फिरत होती. ज्यांचं उद्या भंगार व्हायचंय त्यांना! मी दारात उभी राहून बघितलं. मला बघून ती म्हणाली, “मम्मी, आजी नाही म्हणाली असेल तरी खरं तेच सांग. मला उगाच मिळालेलं नको.” मी विचारलं, “आणि गेलं तर?” ती म्हणाली, “गेलं तर भाड्यानं दोन माग घेईन कुठंतरी. पण मोठ्या काकांशी मी स्वतः बोलणार. तू फक्त माझ्या शेजारी बस.”

बघितलंत, अत्तम्मा? ना खाकरणं, ना बांगड्या. ‘मी स्वतः बोलणार.’ ही कुणावर गेली हो? तुमच्यावर नाही, माझ्यावर तर नाहीच नाही!

तिथंच माझं ठरलं. आता वचन देते, ते ऐका.

उद्या मी तुमच्या नावानं एक शब्द बोलणार नाही. विचारलं की सरळ सांगेन, अत्तम्मा काही बोलल्या नाहीत, त्यांनी पानं भिजवली का एवढंच विचारलं. भावजी सुस्कारा सोडतील. हे मान खाली घालतील. बहुतेक तिथंच सगळं संपेल असं सगळ्यांना वाटेल. आणि मग मी बोलेन. म्हणेन, त्यांचं मन मला ठाऊक नाही, माझं ठाऊक आहे. ह्या आठ मागांच्या कांड्या मी भरल्यात. माझं शिक्षण ह्याच शेडमध्ये गेलंय. माझं म्हणणं आहे की कारखाना श्रावणीनं चालवायचा. कुणाच्या इच्छेखातर नाही, तिला येतो म्हणून. आणि मग मी तिच्या शेजारी बसून राहीन, ती बोलेपर्यंत आणि बोलून झाल्यावरही.

ऐकतील का? मला नाही वाटत. ह्या घरात मेलेल्या माणसाचा शब्द चालतो, जित्या बाईचा चालतो की नाही ते कुणी कधी करूनच बघितलं नाही. तुम्ही सुद्धा नाही. कदाचित माग जातील. तसं झालं तर ते माझ्या खरं बोलण्यानं जातील, हे मला माहीत आहे, आणि ते मी सोसेन. पण माझ्या मुलीला कारखाना मिळायचा तर तो फोटोच्या मागे उभं राहून मिळायला नको. नाहीतर उद्या तीही तिच्या सुनेला म्हणेल, आजीला पटत न्हाय.

तुम्ही रागावलात तर रागवा. मी तुमची परवानगी मागत नाहीये, अत्तम्मा. उद्या बोलायच्या आधी तुम्हाला कळावं, एवढ्यासाठीच लिहिलं.

तुमची सून,
सुजाता